भाजलेली माती

बागेतली माती खणून तशीच कुंडीत भरू नये, आधी ती निर्जंतुक करून घ्यावी, हा सल्ला आता गच्चीवर चार कुंड्या ठेवणाऱ्या प्रत्येकीला कोणी ना कोणी दिलेला असतो. पद्धती तऱ्हेतऱ्हेच्या आहेत. कोणी ओलसर माती ट्रेमध्ये चार बोटं जाडीची पसरून, वर फॉइल लावून ओव्हनमध्ये ठेवतं. मातीच्या मधोमध 82 अंश सेल्सिअस उष्णता पोचली की तिथून पुढे अर्धा तास मोजायचा. कोणी जुन्या कुकरात जाळी ठेवून इडली वाफवावी तशी माती वाफवतं. कोणी सरळ किटलीतलं उकळतं पाणी ओततं. ज्यांना गॅस आणि वीज जाळायची नसते त्या एप्रिल-मेच्या उन्हात ओली माती प्लास्टिकच्या कागदाखाली चार ते सहा आठवडे झाकून ठेवतात. कागद पारदर्शक हवा, काळा नको, म्हणजे ऊन आत शिरतं आणि आतच कोंडून राहतं. ही उन्हाची रीत इस्रायलमधल्या जाकोव काटान यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली प्रयोगांनिशी मांडली. आपल्याकडे उन्हाला कमी नाही, त्यामुळे ती इथेही चांगली रुजली.

सल्ला खोटा नाही, हे आधीच सांगते. ज्यांनी टोमॅटोचं, मिरचीचं, झेंडूचं बी घातलंय त्यांना ठाऊक आहे. दोन पानांवर आलेलं रोप सकाळी ताठ उभं असतं आणि संध्याकाळी जमिनीलगतचा देठ शिजवल्यासारखा मऊ होऊन आडवं पडलेलं असतं. दुसऱ्या दिवशी शेजारचं, तिसऱ्या दिवशी सगळी ओळ. शेतकरी याला मर म्हणतात, रोपं कोलमडली म्हणतात. मातीतल्या पिथियमसारख्या बुरशीचं हे काम. शिवाय तणाचं बी असतं, हुमणी असते, मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी असतात. माती तापवली की हे सगळं जातं. ओल्या मातीत 60 अंश उष्णता अर्धा तास राहिली तरी रोग आणणाऱ्या बहुतेक बुरश्या मरतात. तणाचं बी मात्र जास्त चिवट.

सगळं कळतं, तरी 'निर्जंतुक' हा शब्द आपल्या घरात वाढलेल्या बाईच्या कानाला खटकतोच. आपल्याला चालायला शिकवलं तेच मुळी 'जीवजंतू बघून पाऊल टाक' असं सांगत. धान्य निवडताना सोंडा दिसला तर तो चिमटीत न धरता कागदावर घेऊन सावलीत ठेवायचा, ही शिस्त. त्या घरात जंतू म्हणजे आधी जीव, मग रोगाचं कारण. आणि इथे एका अख्ख्या पाटीभर मातीतून तो काढून टाकायचा, म्हणजे नेमकं काय करायचं?

आमच्या शेजारच्या घरात याच गोष्टीवरून सासूसुनेची जुंपली. सून शिकलेली, हौशी, गच्चीवर भाजीचे ट्रे लावणारी. तिने ओव्हनमध्ये माती ठेवली आणि घरभर वास सुटला. तापलेल्या मातीचा वास पहिल्या पावसासारखा येत नाही बरं का. जड असतो, उग्र. सासूबाई माझ्याकडे आल्या. "बघा की वहिनी, ज्यात केक भाजायचा त्यात माती भाजाय लागलीय. कोट्यवधी जीव गेले असतील!" मला वाटतं निम्मा राग ओव्हनपायी होता आणि निम्मा जीवांपायी. सून मागोमाग आलीच. ती शांतपणे म्हणाली, "काकू, तुम्हीच सांगा. रोज सकाळी आम्ही पाणी उकळतो तेव्हा ते प्रासुक होतं. मग माती उकळली की पाप कसं?"

प्रश्न हजरजबाबीपणाचा वाटला तरी तसा नाही. त्याला 'पाणी वेगळं, माती वेगळी' असं उत्तर देऊन चालणार नाही, कारण आपल्या विचारात पाणीही जलकायिक जीवांचं आणि मातीही पृथ्वीकायिक जीवांची. दोन्ही एकाच पायरीवर, एकेंद्रिय. मग उकळलेल्या पाण्याला आपण शुद्ध म्हणतो आणि भाजलेल्या मातीला हिंसा, हे कोणत्या हिशेबाने?

पाण्यापासूनच सुरुवात करू. आपण पाणी उकळण्याआधी गाळतो. दुहेरी कापडातून. गाळण्यावर जे उरतं, त्या जिवाणीला आपण मोरीत ओतत नाही. ज्या विहिरीचं पाणी त्या विहिरीत ती परत सोडायची, तीही वरून न फेकता पाण्यापर्यंत पोचवून. नळ आल्यापासून हे किती घरांत राहिलं आहे, ते आपण एकमेकींना विचारत नाही, तो भाग वेगळा. गाळलेल्या पाण्याची मुदत 48 मिनिटं, चांगलं उकळलेल्याची 24 तास. त्या मुदतीपुरतं लागेल तेवढंच पाणी घ्यायचं. म्हणजे उकळणं ही या रीतीतली शेवटची पायरी आहे. तिच्याआधी बघणं आहे, वेगळं करणं आहे, परत नेऊन सोडणं आहे, आणि मोजणं आहे. उकळताना जीव जातात, हे आपल्या आचार्यांनी कधी नाकारलेलं नाही. गृहस्थाला ते पूर्ण टळत नाही, एवढंच म्हटलं आहे.

मग मातीचंही असंच करता येईल का? बऱ्याच अंशी येईल. माती चाळून घ्यायची. गांडूळ, मुंग्या, किडे वेगळे काढून ज्या वाफ्यातली माती तिथेच सावलीत सोडायचे. गांडूळ दोन इंद्रियांचं, मुंगी तीन इंद्रियांची. त्यांना ओव्हनमध्ये घालण्याचं समर्थन कुठलीच श्राविका करणार नाही, आणि बागकामाच्या दृष्टीनेही तो शुद्ध वेडेपणा आहे. गांडुळं जमीन कशी घडवतात यावर चार्ल्स डार्विन यांनी आयुष्याच्या अखेरीस, 1881 साली, एक अख्खं पुस्तक लिहिलं. जे आपण कुंडीत विकत आणून सोडतो तेच आधी भाजून मारायचं, याला काय म्हणावं!

पण चाळणीने सगळं सुटत नाही. सूत्रकृमी बहुतेक एक मिलिमीटरहूनही लहान, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. नावातच कृमी आहे, हालचाल आहे, खाणं आहे, प्रजोत्पादन आहे. त्यांना स्थावरांत बसवून मोकळं होता येणार नाही, ते त्रसच. बुरशी कुठे बसवायची, सूक्ष्म जिवाणू कुठे, यावर आपल्यातल्या अभ्यासकांचंही एकमत नाही. पण कृमीच्या बाबतीत शंका घ्यायला जागा नाही. आणि श्रावकाच्या अहिंसाणुव्रतात त्रस जीवांची संकल्पी हिंसा सोडायची असते. त्यामुळे 'माती म्हणजे एकेंद्रिय, त्याला गृहस्थाला सूट आहे' हे सोपं उत्तर इथे अपुरं पडतं.

हिंसेचे चार प्रकार आपण लहानपणी पाठशाळेत घोकलेत. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. पहिली ठरवून केलेली, दुसरी घरकामात होणारी, तिसरी पोटाच्या धंद्यात, चौथी स्वतःच्या आणि आपल्यांच्या रक्षणासाठी. घोकताना सोपं वाटलं होतं. ओव्हनमधली माती यात कुठे ठेवायची हे ठरवायला बसले तेव्हा मी एक साधी कसोटी लावून बघितली. त्या कामात एकही जीव मेला नाही, असं समजा. तरी काम झालं असं म्हणू का? भात शिजवताना एकही जीव मेला नाही, तर भात झालाच, उलट बरंच झालं. अंगण झाडताना मुंगी मेली नाही, तर अंगण स्वच्छच आहे. शेत नांगरताना किडा मेला नाही, तर शेत नांगरून झालंच. म्हणजे इथे मरण हे काम करताना घडलेलं, नको असलेलं. पण मातीच्या ट्रेमध्ये कोणीच मेलं नाही, तर ओव्हन फुकट गेला. इथे मरण हेच काम आहे. त्या दृष्टीने हे आरंभी हिंसेपेक्षा संकल्पीच्या जास्त जवळ जातं.

सुनेला मी हे सांगितलं तेव्हा ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग कावीळ आली तेव्हा डॉक्टरांनी पाणी उकळून प्यायला सांगितलं होतं, ते?" मुलगी हुशार आहे. तिथेही मारणं हाच हेतू. ऑपरेशनची हत्यारं वाफेच्या यंत्रातून काढतात, तिथेही तोच. आणि आपल्यापैकी कोणी, अगदी प्रतिमाधारी श्रावकसुद्धा, न तापवलेल्या सुरीने मुलाचं ऑपरेशन करा असं म्हणणार नाही. म्हणजे माझी कसोटी एक गोष्ट दाखवते, पण निकाल देत नाही. मारण्याचा हेतू आहे एवढ्याने वाद मिटत नाही. कोणासाठी, कशापासून वाचवायला, आणि दुसरा मार्ग होता का, हे विचारावंच लागतं. ऑपरेशनच्या टेबलावर माणूस आहे. माझ्या ट्रेमध्ये झेंडूची बारा रोपं आहेत.

रोपंही जीवच आहेत, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण रोपावर दया म्हणून मी बुरशी मारते, हे म्हणणं मला पटत नाही. ते रोप मीच लावलं, माझ्या हौसेने, आणि मोठं झाल्यावर त्याची फळं मीच तोडणार.

या सगळ्या रीतींमधली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. पुस्तकांत सांगतात की कोरडी माती तापवू नका, आधी ती भिजवून काही दिवस ओली ठेवा. कारण काय, तर कोरड्या मातीत बी आणि बुरशीचे बीजाणू सुप्त असतात, आणि सुप्त जीव उष्णता सहन करतात. ओल मिळाली की ते जागे होतात, कवच सैल होतं, कोंब फुटायला लागतो. मग उष्णता दिली की सहज जातात. शास्त्र म्हणून यात चूक काढता येणार नाही, कमी उष्णतेत काम होतं, गॅसही वाचतो. पण आधी पाणी घालून उठवायचं आणि उठला की भाजायचं! आपल्या गोष्टींमध्ये पाहुण्याला जेवायला बोलावून दगा करणारे राजे असतात, त्यांची आठवण होते. मातीशी अशी तुलना करणं कोणाला अतिरेक वाटेल. मला वाटतं की एखादी कृती कशी करतो याचा संस्कार हात करणाऱ्यावर उमटतो, समोर हत्ती असो की बीजाणू. आपलं शास्त्रही प्राण जाण्याइतकंच, किंबहुना त्याच्या आधी, करणाऱ्याच्या मनाच्या स्थितीकडे बोट दाखवतं.

आणखी एक माहिती मला अलीकडे कळली, आणि ती मनातून जात नाही. इंग्लंडमध्ये रोथमस्टेड नावाचं जुनं शेती संशोधन केंद्र आहे. तिथे रसेल आणि हचिन्सन या दोघांनी 1909 साली दाखवलं की अर्धवट निर्जंतुक केलेल्या मातीत पिकं नुसती वाचतात असं नाही, ती अधिक जोमाने वाढतात. नंतरच्या अभ्यासांतून कळलेलं एक कारण असं, की मातीतले जे असंख्य सूक्ष्मजीव मरतात, त्यांच्या देहांतला नत्र मोकळा होतो आणि मुळांना मिळतो. ती हिरवीगार पानं म्हणजे एका अर्थी त्या मेलेल्यांचं खत. निसर्गात हे रोजच चालतं, मला मान्य आहे. प्रत्येक पान कोणाच्या तरी मरणावर उभं असतं. पण 'भाजलेल्या मातीत रोपं कशी तरारली बघा' असं कौतुक ऐकते तेव्हा मला त्या हिरव्या रंगाकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

माती फार तापवली तर उलटंही होतं. अमोनिया साचतो, मॅंगनीज गरजेपेक्षा जास्त मोकळं होतं आणि तीच मुळं पोळतात. म्हणून 82 अंशांच्या फार वर जाऊ नका, असं सांगतात. आणि पुरती निर्जंतुक झालेली माती तशी राहतही नाही. ती मोकळं पडलेलं घर असते. वाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर, हातातल्या खुरप्याबरोबर जो पहिला येईल तो पसरतो, कारण त्याला अडवणारे जुने रहिवासी उरलेले नसतात. कित्येकदा पहिला येतो तो पिथियमच, आणि मग मर आधीपेक्षा जोरात येते. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात केनेथ बेकर यांनी यासाठीच 60 अंशांच्या, हवा मिसळलेल्या वाफेचा पुरस्कार केला. रोग आणणारे जावेत आणि उपयोगी बरेचसे राहावेत, हा उद्देश. अहिंसेचा त्यात काही संबंध नव्हता, पण कमी मारलं तर जास्त टिकतं, हे त्यांना प्रयोगातून कळलं होतं.

मग मर थांबवायची कशी? यातच मला या विषयाचं मर्म दिसतं. रोपं मरतात ती बुरशी आहे म्हणून नव्हे, बुरशी तर सगळीकडे आहे. ती मरतात कारण बी दाट पडलेलं असतं, पाणी जास्त झालेलं असतं, कुंडीच्या तळाचं भोक बुजलेलं असतं, ट्रे कोंदट कोपऱ्यात असतो, संध्याकाळी पाणी घातल्याने माती रात्रभर थपथपीत राहते. आमच्या बेळगावच्या पावसात तर हे सगळं एकदम होतं. बी विरळ पेरलं, वाळू मिसळून माती भुसभुशीत केली किंवा सरळ कोकोपीट आणि वाळूत बी घातलं, सकाळी थोडंच पाणी घातलं, ट्रे उजेडात वाऱ्याला ठेवला, तर दहातली आठ-नऊ रोपं कोणालाही न मारता उभी राहतात. यासाठी रोज दोनदा गच्चीवर जाऊन बघावं लागतं, एवढंच. ओव्हनचं बटण फिरवलं की ते बघणं वाचतं. आपल्याकडे हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलं आहे. प्रमाद म्हणजे नुसता आळस नव्हे, लक्ष नसणं. आपण जी उष्णता मातीला देतो तिच्यातली बरीचशी आपण न दिलेल्या लक्षाची भरपाई असते.

समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, म्हणजे कारणाशिवाय घडणारं पाप. त्यातल्या प्रमादचर्येत विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वारा घालणं, वनस्पती तोडणं हे सगळं येतं. बागकाम करणाऱ्या बाईच्या दिवसाची जणू यादीच! त्यात मनाई सरसकट नाही. 'विफल' म्हणजे निष्फळ, निष्कारण असेल तर. म्हणून गच्चीवर भाजी लावू नये असं मी म्हणत नाही. मुनी माती खणत नाहीत, आपण मुनी नाही. त्याच पाचांत पापोपदेश आहे, म्हणजे हिंसेचा सल्ला दुसऱ्याला देत फिरणं, आणि हिंसादान आहे, म्हणजे विष, शस्त्र, अग्नी अशी मारण्याची साधनं पुरवणं. काही रोपवाटिकांत माती फॉर्मालिन टाकून निर्जंतुक करतात. उरलेली बाटली 'तुमच्या कुंड्यांना घ्या' म्हणून कोणी देऊ केली, तर मला हिंसादान हा शब्द आठवतो. आणि कर्करोगावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेने 2004 साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं, हेही आठवतं.

शेतकऱ्याची गोष्ट निराळी आहे आणि ती निराळी म्हणूनच बोलली पाहिजे. आपल्या समाजातली निम्मीअधिक घरं शेतीवर उभी राहिली. निपाणी भागात तंबाखूचं तरू टाकायच्या आधी वाफ्यावर पालापाचोळा, धाटं पसरून जाळायची रीत आहे. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात तसंच. तंबाखूचं बी इतकं बारीक, की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त बिया बसतात. तण आणि मर यांच्यापुढे ते कोवळं तरू टिकत नाही, आणि तरू गेलं तर वर्ष गेलं. त्याला मी उद्योगी हिंसा म्हणेन आणि गप्प बसेन. तंबाखू हे पीक असावं की नसावं, हा दुसरा आणि मोठा प्रश्न, तो आज नको. पण शेतीच्या नावाखाली हिंसेला हद्द राहत नाही हेही खरं. परदेशांत मोठ्या शेतांवर माती निर्जंतुक करायला मिथाइल ब्रोमाइड वायू वापरत. तो मातीतून निसटून वर ओझोनच्या थराला भोवायला लागला, तेव्हा 1992 साली मॉंट्रियल करारात त्याला बंदीच्या यादीत घातलं. जमिनीतल्या किड्यासाठी टाकलेलं आकाशापर्यंत पोचलं.

एका मैत्रिणीने वेगळाच मुद्दा काढला. म्हणाली, "मी फुलं लावते ती बस्तीत पूजेला न्यायला. मग तर चालेल ना माती भाजली?" फुलं वाहावीत की नाहीत यावर आपल्यात दोन पंथ आहेत, त्यात मी पडत नाही. समंतभद्रांनीच स्वयंभूस्तोत्रात पूजेतल्या अल्प दोषाला समुद्रातल्या विषाच्या थेंबाची उपमा दिली आहे. पण थेंबाला क्षमा आहे म्हणून आपण बाटली घेऊन किनाऱ्यावर उभं राहायचं नसतं. पूजेला फुलं कमी पडली म्हणून कोणाची पूजा अडलेली मी तरी पाहिली नाही. तांदूळ आहेत, केशर आहे.

आणखी एक पळवाट आहे, आणि ती फार लोकप्रिय आहे. आपण स्वतः मारायचं नाही. ज्या पिशवीवर 'निर्जंतुक' लिहिलंय ती माती विकत आणायची. किंवा ट्रायकोडर्माची पूड घालायची, ती बुरशीच दुसऱ्या बुरशीला खाते. किंवा सूत्रकृमींसाठी झेंडू लावायचा, त्याच्या मुळांतल्या द्रव्याने ते कमी होतात. हे तिन्ही उपाय कामाचे आहेत, आणि ओव्हनपेक्षा सौम्यही आहेत. पण 'मी नाही मारलं, झेंडूने मारलं' असं म्हणून हात झटकता येत नाहीत. कृत, कारित, अनुमोदित या तिघांना आपल्याकडे एकाच ओळीत बसवलं आहे. झेंडू लावते तेव्हा मी तो कशासाठी लावते हे मला माहीत असतं. मी लावते, हेही सांगते. फक्त त्याला अहिंसक शेती असं नाव देत नाही. कमी हिंसा म्हणते, आणि त्या 'कमी'ला मी मोल देते.

शेजारच्या सुनेचं आणि माझं सगळ्यावर एकमत झालं नाही. तिच्या मते मी रोपांचं मरण हलक्यात घेते. बिया महाग असतात आणि नोकरी करून दिवसातून दोनदा गच्चीवर जाणं सगळ्यांना जमत नाही, हे तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. ज्या बाईचा दिवस सकाळी पाचला सुरू होतो तिला लक्ष देण्याचा उपदेश करणं सोपं आहे. सासूबाईंनी मात्र एक तोडगा काढला. सकाळी पूजेची फुलं काढायला त्या गच्चीवर जातातच, तेव्हा ट्रेकडेही बघतील. ओव्हनमध्ये माती घालायची नाही या अटीवर. आता रोपं दाट झाली, पाणी जास्त झालं, यावरून दोघींची रोज नवी कुरबुर चालते, पण मिरचीचं तरू बरं आलंय.

त्यांच्याकडची एक मोठी कुंडी तेवढी अडून राहिली आहे. गेल्या हंगामात त्यातला टोमॅटो उपटला तेव्हा मुळांवर मण्यांसारख्या गाठी होत्या, म्हणजे सूत्रकृमी भरपूर. ती माती चाळून भागणार नाही. बाहेर टाकली तर मागच्या परसातल्या वांग्यांना लागण होईल. उन्हात झाकली तर सहा आठवड्यांत ती मोकळी होईल, आणि वळवाच्या आधी तेवढं ऊन अजून आहे. नुसती कोरडी ठेवून टोमॅटो-वांग्याऐवजी दुसरं काही लावत राहिलं तर वर्ष-दोन वर्षांत कृमी आपोआप खूप कमी होतील. त्यात झेंडूला घ्यायचं की नाही, यावर चर्चा चालू आहे. सुनेला ती कुंडी याच पावसाळ्यात हवी आहे. सासूबाई म्हणतात, एक कुंडी दोन वर्षं रिकामी राहिली तर काय बिघडलं. मला दोघींनीही विचारलं. मी सध्या एवढंच सांगितलंय की कुंडीवर खूण करून ती बाजूला ठेवा, आणि त्यातलं खुरपं दुसऱ्या कुंडीत घालू नका.